पॉवर स्टेशन घेण्याआधी: घरासाठी आणि कॅम्पिंगसाठी काय मोजायचं, काय तपासायचं

पॉवर स्टेशन म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेलं, उचलून नेता येणारं खोकं. त्याच्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा वॉटचा असतो. १००० वॉट, २००० वॉट. घेणारा विचारतो, "यावर फ्रिज चालेल ना?" विकणारा म्हणतो, "आरामात." ते खोटं नसतं. फक्त फ्रिज किती तास चालेल हे कोणी विचारलेलं नसतं आणि कोणी सांगितलेलंही नसतं.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे विजेचे खांब आडवे केले. आणि १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी, जिथे लाइट जातच नाही असा समज होता, त्या मुंबईत लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर अनेक घरांत पॉवर स्टेशनची चौकशी सुरू झाली. त्याच सुमारास गाडी घेऊन पवना, भंडारदरा, तारकर्लीला तंबू ठोकणाऱ्यांची संख्याही वाढली. "एकच घेऊ, घरीही चालेल आणि कॅम्पिंगलाही" हा विचार तिथून आला. विचार बरोबर आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा कुठे आहे हे पैसे मोजण्याआधी कळावं, म्हणून हा लेख.

वॉट वेगळं, वॉट-तास वेगळं

वॉट म्हणजे एका क्षणी किती भार ओढता येईल ते. वॉट-तास म्हणजे आत एकूण किती वीज साठवलेली आहे ते. पहिला आकडा सांगतो कोणतं उपकरण चालेल, दुसरा सांगतो किती वेळ चालेल. आणि किंमत मुख्यतः दुसऱ्या आकड्याची असते.

वॉट-तास समजायला वीजबिल पुरेसं आहे. १००० वॉट-तास म्हणजे बिलावरचं एक युनिट. दहा-बारा किलोचं, हजारो रुपयांचं ते खोकं भरगच्च भरलेलं असताना त्यात जेमतेम एक युनिट वीज असते. तुमच्या घराचं महिन्याचं बिल १५० युनिटचं असेल, तर घर रोज पाच युनिट खातं. म्हणजे 'पूर्ण घर चालेल' ही जाहिरात १००० वॉट-तासांच्या खोक्याला लागू होऊ शकत नाही. हे एकदा पटलं की पुढची निवड सोपी होते: घरातलं काय चालवायचं नाही हे आधी ठरतं.

काही स्वस्त उत्पादनांवर वॉट-तास लिहिलेलेच नसतात, त्याऐवजी '१,००,००० एमएएच' (मिलिअँपिअर-तास) असा दिपवणारा आकडा असतो. तो बहुधा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. एमएएच भागिले १००० गुणिले ३.७ केलं की ३७० वॉट-तास निघतात. हे गणित करूनच दोन खोक्यांची तुलना करा. वॉट-तास कुठेच लिहिलेले नसतील तर ते उत्पादन बाजूला ठेवा.

आधी हे ठरवा: पॉवर स्टेशन हवंय की इन्व्हर्टर?

स्वतःचं घर आहे, लाइट वारंवार जाते, छतावरचे पंखे आणि ट्यूबलाइट चालू राहिले म्हणजे झालं, आणि ते खोकं कुठे न्यायचं नाही, अशी गरज असेल तर नेहमीचा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी हाच जास्त शहाणपणाचा खर्च आहे. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर लवकर खराब होते. म्हणून तिच्यातले अर्धे, फार तर साठ टक्के वापरायचे म्हटले तरी ९०० ते १०८० वॉट-तास हातात येतात, आणि तेही पॉवर स्टेशनपेक्षा बऱ्याच कमी पैशांत. शिवाय ती घराच्या वायरिंगला जोडलेली असते, त्यामुळे लाइट गेल्यावर उठून काही करावं लागत नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण पॉवर स्टेशनची एक अडचण दुकानात कोणी बोलत नाही. छतावरचा पंखा आणि भिंतीवरचा दिवा वायरिंगवर असतात. पॉवर स्टेशनला फक्त सॉकेट असतात. त्याला लावायचा तर टेबल फॅन, स्टँडचा पंखा किंवा प्लगवर चालणारा दिवा लागतो.

मग पॉवर स्टेशन कोणाला? भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, जिथे वायरिंगला हात लावता येत नाही. ज्यांच्या सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो अशा फ्लॅटवाल्यांना. ज्यांना पाणी भरण्याची कटकट आणि ॲसिडची बॅटरी घरात नको आहे त्यांना. आणि ज्यांना खरोखरच ते उचलून गाडीत टाकायचं आहे त्यांना. यातलं एकही वर्णन तुम्हाला लागू होत नसेल, तर लेखाचा पुढचा भाग वाचण्याआधी जवळच्या इन्व्हर्टरवाल्याकडे एक फेरी मारा. फक्त राउटर चालू ठेवायचा असेल तर त्याच्यासाठी हातात मावणारा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तेवढ्याने भागतं.

कागद-पेन घ्या आणि लोड लिहा

खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास हा आहे. चालवायचं प्रत्येक उपकरण, त्याचे वॉट आणि किती तास, अशा तीन रकान्यांत लिहा. वॉट उपकरणाच्या मागच्या पट्टीवर असतात. ते नसतील तर अंदाजासाठी हे आकडे चालतात:

एलईडी बल्ब ९ वॉट, वाय-फाय राउटर १० ते १२, साधा टेबल फॅन ५० ते ६०, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास, लॅपटॉप चार्ज होताना ४५ ते ६५, ३२ इंची एलईडी टीव्ही ४० ते ६०, मिक्सर ५०० ते ७५०, इस्त्री १०००, इंडक्शन शेगडी १२०० ते २०००, साठवणीचा गीझर २०००, दीड टनाचा एसी १५०० च्या आसपास. मोबाइल एकदा पूर्ण भरायला, तूट धरून, साधारण २० वॉट-तास.

ज्यातून उष्णता काढायची ते प्रत्येक उपकरण यादीतून खोडा: इस्त्री, गीझर, इंडक्शन, टोस्टर. २००० वॉटच्या खोक्यावर ती चालतील, पण बॅटरी झपाट्याने तळाला जाईल. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशोबाने सुमारे ८७ वॉट-तास लागतात. किटलीची आणि इन्व्हर्टरची तूट धरली तर बॅटरीतून १२० जातात. तेवढ्यात सहा मोबाइल पूर्ण भरले असते. चहाला गॅसच बरा, घरीही आणि तंबूतही.

आता एक प्रत्यक्ष हिशोब. चार तास लाइट गेली आहे असं धरू. दोन बीएलडीसी टेबल फॅन चार तास: २४०. तीन बल्ब: १०८. राउटर: ४०. लॅपटॉप दोन तास: १००. दोन मोबाइल: ४०. बेरीज ५२८ वॉट-तास. पण खोक्यावर ५२८ लिहिलेलं असून भागणार नाही. बॅटरीची डीसी वीज घरच्यासारख्या २३० व्होल्टच्या एसी विजेत बदलताना दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन जाते. म्हणून बेरजेला ०.८५ ने भागा: ६२१. बॅटरी वयोमानाने थोडी उतरते, पाहुणे येतात, लाइट पाचव्या तासालाही येत नाही, म्हणून आणखी पाव भाग जोडा. साधारण ८०० वॉट-तास.

हेच पंखे साधे, ५५ वॉटचे असते तर बेरीज ७२८ झाली असती आणि खोकं १००० च्या पुढचं लागलं असतं. दोन पंखे बदलायचा खर्च हा मोठ्या पॉवर स्टेशनपेक्षा नेहमीच कमी पडतो, आणि त्याचा फायदा लाइट असतानाही रोज मिळतो.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक घ्या. हजाराच्या आत-बाहेर मिळतो. फ्रिज त्यावर चोवीस तास लावून ठेवा. फ्रिजचं खरं खाणं कळण्याचा दुसरा कोणताही सरळ मार्ग नाही.

फ्रिजचं गणित वेगळं करावं लागतं

फ्रिजचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही. चालताना तो १०० ते १५० वॉट घेतो, मग बंद होतो. दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिट छापलेली असतात. समजा २०० आहेत. भागिले ३६५ केलं तर दिवसाला सुमारे ५५० वॉट-तास, म्हणजे सरासरी २३ वॉट. मे महिन्यात, दार सारखं उघडणाऱ्या घरात, ३५ धरा.

इथे एक लपलेला खर्च येतो. पॉवर स्टेशनचं एसीचं, म्हणजे २३० व्होल्टच्या सॉकेटचं, बटण चालू असलं की आतला इन्व्हर्टर स्वतःच दहा-पंधरा वॉट खातो, लोड असो वा नसो. फ्रिज मध्ये बंद झाला तरी हे खाणं चालूच. म्हणजे ३५ अधिक १२, एकूण ४७ वॉट. १००० वॉट-तासांच्या खोक्यातून वापरता येणारे ८५० धरले तर सोळा ते अठरा तास मिळतील. ३०० वॉट-तासांच्या छोट्या खोक्यावर हा स्वतःचा खप जीवघेणा ठरतो: काहीही न लावता, नुसतं एसीचं बटण चालू राहिलं तर एका दिवसात ते रिकामं होतं. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधा. सापडला नाही तर विचारा.

म्हणूनच जे डीसीवर चालतं ते डीसीवरच चालवा. मोबाइल यूएसबीवर, टाइप-सीचा लॅपटॉप थेट टाइप-सीवर, १२ व्होल्टचा राउटर १२ व्होल्टच्या गोल पिनेवर. एसीचं बटण बंद. एवढ्या एका सवयीने त्याच खोक्यावर राउटर कितीतरी जास्त तास चालतो.

फ्रिजचा आणखी एक प्रश्न सुरुवातीच्या झटक्याचा. मोटर सुरू होताना क्षणभर चालू वॉटच्या तीन ते सहा पट वीज ओढते. १३० वॉटचा फ्रिज त्या क्षणी ६००-७०० मागू शकतो. त्यामुळे ३०० वॉटच्या खोक्यावर तो सुरूच होत नाही, 'ओव्हरलोड' दाखवून यंत्र बंद पडतं. सततची क्षमता ६०० वॉटच्या वर आणि क्षणिक क्षमता १००० च्या वर असली म्हणजे घरगुती फ्रिजला सहसा पुरतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे फ्रिज सावकाश सुरू होतात, त्यांना हा त्रास कमी. पाण्याच्या मोटरचं मात्र अवघड आहे. अर्ध्या एचपीची मोटर चालताना ५००-६०० वॉट घेते, पण सुरू होताना २००० च्याही वर जाऊ शकते. आणि शेतातला तीन फेजचा पंप या कुठल्याच खोक्यावर चालणार नाही.

काही कंपन्या '१००० वॉटच्या यंत्रावर १५०० वॉटचं उपकरण चालवा' असं एक खास बटण देतात. ते व्होल्टेज उतरवून काम करतं. किटलीला ते चालतं, पाणी थोडं उशिरा उकळतं. मोटर असलेल्या उपकरणाला ते वापरू नका, मोटर तापते. आणि आउटपुट 'प्युअर साइन वेव्ह'च, म्हणजे घरच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरीचं असावं, त्यात तडजोड नको. दुसऱ्या प्रकारच्या लहरीवर पंखा घुमतो आणि मोटरचं आयुष्य घटतं.

कॅम्पिंगचा हिशोब

भंडारदऱ्याला चौघं, दोन रात्री. दिव्यांची माळ दोन्ही रात्री पाच-पाच तास: १००. मोबाइल चौघांचे, दोनदा: १६०. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या: ५०. यूएसबीवरचे दोन छोटे पंखे रात्रभर, सगळे मिळून: १६०. एकूण ४७०. हे सगळं यूएसबीवर, त्यामुळे तूट कमी. ५०० ते ६०० वॉट-तासांत काम होतं आणि वजन सहा-सात किलोत राहतं. गाडीत लावायचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज सोबत असेल तर मात्र दोन दिवसांत आणखी सहा-सातशे वॉट-तास लागतात, आणि गरज थेट १२०० वर जाते.

घराला ८००, कॅम्पिंगला ६००. 'एकच खोकं दोन्हीकडे' हे जमतं ते साधारण ७०० ते १००० वॉट-तासांच्या पट्ट्यात. त्याच्या खाली घरी अपुरं पडतं. वर गेलं की वजन वीस किलोकडे सरकतं आणि ते खोकं दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून हलत नाही. घरासाठी २००० ची खरी गरज असेल तर ते घरासाठी घ्या आणि कॅम्पिंगला २५०-३०० चं वेगळं घ्या. एका अवजड खोक्यापेक्षा ही जोडी जास्त वापरली जाते. गडावर मुक्काम असेल तर यातलं काहीच नको. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर पाठीवर सहा किलोचं खोकं वाहण्यापेक्षा दोन चांगल्या पॉवर बँक आणि हेडलॅम्प घ्या, वाचलेल्या वजनात पाणी न्या.

एक विनंती. मे-जूनमध्ये काजवे पाहायला जाणार असाल तर दिव्यांची माळ घरीच ठेवा. काजवे उजेडाच्या खुणेने जोडीदार शोधतात, आपल्या दिव्यांच्या झगमगाटात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. पॉवर स्टेशन सोबत आहे म्हणून जंगल उजळवायचा हक्क मिळत नाही.

आतली बॅटरी कोणती?

दोन प्रकार भेटतील. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) आणि एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. एनएमसी हलकी असते, पण पाचशे ते हजार वेळा भरून रिकामी झाली की तिची क्षमता बरीच उतरते. एलएफपी तेवढ्याच साठ्याला जड पडते, पण दोन-तीन हजार वेळा भरली तरी मूळ क्षमतेच्या ८० टक्के शिल्लक राहते असं बहुतेक कंपन्या सांगतात. शिवाय ती तापून पेट घेण्याची शक्यता कमी असते, कारण तिचं रसायन जास्त तापमानापर्यंत स्थिर राहतं.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्या हवेत, बंद फ्लॅटमध्ये, मुलं झोपतात त्या खोलीशेजारी ठेवायची वस्तू एलएफपीचीच असावी. मात्र '४००० सायकल की ६०००' या चढाओढीला भुलू नका; सायकल म्हणजे एकदा भरून रिकामं करणं. आठवड्यातून एकदा वापरलं तर वर्षाला ५२ सायकल होतात. ३००० सायकल संपायला अर्धं शतक लागेल, त्याच्या खूप आधी बॅटरी निव्वळ वयाने म्हातारी होईल. रोज भारनियमन असणाऱ्या गावात, वर्षाला ३६५ सायकल झाल्या तर ३००० म्हणजे आठ वर्षं. तिथे या आकड्याला खरा अर्थ आहे.

यातूनच पैशांचाही अंदाज घ्या. समजा १००० वॉट-तासांचं खोकं ६०,००० रुपयांना आहे आणि तुम्ही सगळ्या ३००० सायकल वापरल्या. प्रत्येक वेळी ०.८५ युनिट हाती आलं तर आयुष्यभरात २५५० युनिट. एका युनिटला साडेतेवीस रुपये पडले, भरायला लागलेल्या विजेचे वेगळे. त्यामुळे 'बिल वाचेल' या बोलण्यावर घेऊ नका. हे अडीअडचणीचं साधन आहे, बचतीचं नव्हे.

भरायचं कसं

घरच्या प्लगवर हल्लीची बरीच यंत्रं एक-दोन तासांत भरतात. वेग चांगला, पण तो कुठून येतो ते पाहा. तासाभरात १००० वॉट-तास भरायचे तर प्लगमधून १००० वॉटहून जास्त ओढले जातात. आपला छोटा ६ अँपिअरचा पॉइंट कागदोपत्री १३८० वॉट सोसतो, पण जुन्या घरातल्या बारीक वायरवर आणि सैल सॉकेटवर तो तापतो. अशा वेळी १६ अँपिअरचा पॉइंट वापरा, किंवा ॲपमधून चार्जिंगचा वेग ४००-५०० वॉटवर आणून ठेवा. घाई नसताना सावकाश भरणं बॅटरीलाही मानवतं. गावाकडे व्होल्टेज १७०-१८० पर्यंत उतरत असेल तर यंत्र किती कमी व्होल्टेजवर चार्ज होतं तेही आधी वाचून घ्या.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम १०० वॉट-तास मिळतात. पुण्याहून तारकर्लीपर्यंतच्या आठ-नऊ तासांच्या प्रवासात आठशेच्या आसपास भरतील. इंजिन बंद करून भरत बसू नका, गाडीची बॅटरी उतरेल.

सौर पॅनेलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. पॅनेलवरचे १०० वॉट हे प्रयोगशाळेतले असतात. आपल्याकडच्या उन्हात, तापलेल्या पॅनेलवरून, दुपारी बारालाही ६५ ते ७५ मिळाले तर छान म्हणायचं. पावसाळा सोडून महाराष्ट्रात दिवसाला साधारण पाच तासांचं दमदार ऊन धरता येतं. २०० वॉटचं पॅनेल घेतलं तर २०० गुणिले ०.७ गुणिले ५, म्हणजे दिवसाला ७०० वॉट-तास. १००० चं रिकामं खोकं भरायला दीड दिवस. कोकणातल्या जुलैत हा हिशोब पार कोसळतो आणि वादळाच्या आठवड्यात तर पॅनेल बाहेर ठेवताच येत नाही. पावसाळ्यातल्या संकटासाठी सौर पॅनेलवर विसंबू नका. वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी घरच्या प्लगवर शंभर टक्के भरून ठेवा.

पॅनेल वेगळं घेणार असाल तर एक आकडा जुळलाच पाहिजे: पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज) यंत्राच्या सौर इनपुटच्या मर्यादेच्या आत हवं. १०० वॉटचं छोटं पॅनेल साधारण २१ ते २३ व्होल्टचं असतं. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली की व्होल्टेजची बेरीज होऊन ४४ च्या घरात जातं. यंत्राची मर्यादा ६० व्होल्ट असेल तर ठीक. मर्यादा २८ असेल तर यंत्र बिघडेल, आणि ही चूक वॉरंटीत बसत नाही. छपरावरचं ५४० वॉटचं मोठं पॅनेल एकटंच ५० व्होल्टच्या आसपास असतं, ते छोट्या यंत्राला लावायचंच नाही.

जागेवर गेल्यावर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, वीसेक अंशांत तिरपं ठेवा. झाडाच्या एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी वीज निम्म्यावर येऊ शकते. पॅनेल उन्हात, पण खोकं मात्र सावलीत. त्यासाठी पुरेशी लांब केबल हवी, आणि ती बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते.

परदेशातून मागवू नका

अमेरिकेत स्वस्त मिळतं म्हणून तिथल्या भाच्याला किंवा बहिणीला आणायला सांगण्याचा मोह होतो. दोन कारणांनी तो आवरा. तिकडचं यंत्र १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं, आपली उपकरणं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. दुसरं म्हणजे विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात नेता येते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही. विमानतळावर ती काढून घेतली जाईल.

इथे घेतानाही बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी आहे का ते बघा. 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. विक्रेत्याला एकच प्रश्न नीट विचारा: बिघडलं तर दुरुस्ती कुठे होते आणि तिथवर पोहोचवायचं कोणी? एवढी मोठी लिथियम बॅटरी कुरिअरवाले सहजी घेत नाहीत. सेवा केंद्र पुण्या-मुंबईत असेल तर तुम्ही स्वतः नेऊ शकता. नसेल तर पाच वर्षांच्या वॉरंटीचा उपयोग मर्यादित.

संगणकासाठी यूपीएस म्हणून वापरायचं असेल तर लाइट गेल्यावर किती मिलिसेकंदांत यंत्र बॅटरीवर जातं ते वाचा. १० ते २० असेल तर डेस्कटॉप सहसा बंद पडत नाही, ३० ला भरवसा नाही. सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखं उपकरण चालवायचं असेल तर त्याचे वॉट मोजून, डॉक्टरांना आणि उपकरणाच्या कंपनीला विचारूनच ठरवा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३००-४०० वॉट घेतो, १००० च्या खोक्यावर दोन-अडीच तास. सिलिंडर घरात हवाच.

हे कधीही करू नका

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून पॉवर स्टेशनची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घराला द्यायची, ही युक्ती व्हिडिओंत दाखवली जाते. ती जीव घेते. उघड्या पिनेत २३० व्होल्ट असतात. मेन स्विच चालू राहिला तर वीज उलटी लाइनवर जाते, आणि तिथे खांबावर महावितरणचा लाइनमन 'लाइट गेली आहे' असं समजून हाताने काम करत असतो. घराच्या वायरिंगला द्यायचंच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा पॉवर स्टेशन यांपैकी एकच जोडणारा) बसवून घ्या.

चार्जिंगला लावलेलं खोकं घराबाहेर पडायच्या वाटेवर, गादीवर किंवा कपाटात ठेवू नका. चारी बाजूंनी हवा हवी. फुगलं, जळका वास आला, धूर दिसला तर आधी माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

तंबूच्या मुक्कामी बहुतेक यंत्रांना पाणी चालत नाही, दवसुद्धा नाही. रात्री गाडीत किंवा तंबूच्या आत, जमिनीपासून थोडं वर. समुद्रावर पंख्याच्या जाळीतून वाळू आणि खारी हवा आत जाते, तिथे ते वाळूवर ठेवूच नका. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान साठ अंशांपर्यंत चढतं, तिथे ते सोडून जेवायला जाऊ नका. लडाख-स्पितीला नेणार असाल तर शून्याखाली चार्ज करायचं नाही. आधी ते तंबूत, माणसांच्या उबेत आणा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात

परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा. शंभर टक्के भरा. ज्याचे वॉट नेमके माहीत आहेत असा १०० वॉटच्या आसपासचा लोड लावा; जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब असेल तर उत्तम. मध्ये वीजमापक लावा आणि यंत्र आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या. १००० वॉट-तासांच्या यंत्रातून मापकावर ८५० च्या आसपास दिसायला हवेत. सातशेच्या खाली थांबलं तर बॅटरी सांगितली तेवढी नाही, परत करा. त्याच वेळी आतला पंखा किती आवाज करतो तेही ऐका. रात्री झोपण्याच्या खोलीत तो आवाज चालेल का, हे दुकानातल्या गोंगाटात कळत नाही.

त्यानंतर वापर नसताना साठ टक्क्यांच्या आसपास भरून, एसीचं बटण बंद करून, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण रिकामं ठेवून विसरलेली बॅटरी पुन्हा उठेलच असं नाही. दर तीन महिन्यांनी टक्के बघा, चाळीसच्या खाली गेले असतील तर परत साठवर आणा. कोकणात घर असेल तर मेच्या मध्यालाच शंभर टक्के भरा, एकदा सगळी उपकरणं लावून तासभर चालवून बघा, आणि टेबल फॅन, प्लगचे दिवे, टाइप-सीच्या वायरी त्याच्या शेजारीच एका पिशवीत ठेवा.